आत्याच्या रंगाचा फोटो

एप्रिल लागला की मी फ्रिजचं दार उघडते आणि उगाच उभी राहते. थंड हवा पावलांवर उतरते. स्वयंपाकघरातून आई म्हणते, "समता, दार लाव. आतल्या भाज्यांना घाम फुटेल." मी लावते, पण त्याआधी दारातल्या वरच्या कप्प्याकडे एकदा बघून घेते. अंड्यांचा कप्पा. तिथं आता खरोखरच अंडी असतात. एका उन्हाळ्यात तिथं फिल्मचे रोल उभे होते, ओळीने, इंजेक्शनच्या बाटल्यांसारखे.

त्या उन्हाळ्यात प्रमिलाआत्या रिटायर होणार होती. आत्या म्हणजे पप्पांची मोठी बहीण. इथं चारमिनारच्या शहरात, हिमायतनगरला, आम्ही ज्या घरात भाड्याने राहतो, त्याच घराच्या वरच्या पोर्शनमध्ये ती राहायची. माझ्या जन्माच्या आधीपासून ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. यजमान लवकर गेले, मुलगा राहुल नांदेडला नोकरीला लागला, आणि मे महिन्यात ती त्याच्याकडे कायमची जाणार हे ठरलेलं होतं. आमचं मूळ गाव तिकडचंच. पण आत्या "गावाला परत चाललेय" असं कधी म्हणाली नाही. "बदली झाली," म्हणायची.

माझ्याकडे तेव्हा जुने कॅमेरे होते. रविवारी आबिड्सच्या फुटपाथवर पुस्तकांचे ढीग लागतात. त्यांच्यामध्येच कोणी चार्जर विकत बसलेलं असतं, कोणी घड्याळं, कोणी बंद पडलेले रेडिओ. तिथं मला प्लास्टिकचे फिल्म कॅमेरे मिळाले. खेळण्याएवढे हलके. बॅटरी नाही, फोकस नाही, फिरवायला काही नाही. ऊन असलं तर फोटो, नसलं तर नाही, असा सरळ हिशेब. एकाच्या पाठीला फट होती. तिच्यातून ऊन आत शिरायचं आणि फोटोच्या कडेला नारिंगी जीभ काढून जायचं. आत्याने त्या फटीवर दवाखान्यातली चिकटपट्टी लावून दिली, जखमेवर लावतात तशी, कडा दाबून. पांढऱ्या पट्टीतूनही ऊन जातं हे रोल धुतल्यावर कळलं. मग वरून काळी पट्टी लावली. कॅमेरा ड्रेसिंग केल्यासारखा दिसायला लागला.

या कॅमेऱ्यांनी मी जे नाही ते करून बघत होते. एकच रोल दोनदा कॅमेऱ्यातून काढायचा, म्हणजे एका फोटोवर दुसरा फोटो बसतो. लेन्सवर आईच्या जुन्या ओढणीचा तुकडा ताणून धरायचा. एकदा तर रोल चिंचेच्या पाण्यात बुडवून ठेवला, वाळवला आणि कोठीला धुवायला नेला. कोठीच्या एका गल्लीत रहमतभाईंचा स्टुडिओ आहे. आता तिथं पासपोर्ट फोटो निघतात आणि कपांवर नवरा-बायकोचे चेहरे छापून मिळतात. फिल्म मात्र पुरेसे रोल जमले तरच धुतली जाते. रहमतभाईंनी माझा रोल नाकाजवळ नेला आणि परत माझ्या हातात ठेवला.

"ये क्या है बेटा?"

"इमली."

"सालन में डालो. मेरे केमिकल में नक्को."

शेवटी सगळ्यात शेवटचा म्हणून धुवून दिला. चिंचेने चारमिनार जांभळा झाला होता आणि आकाशाला पुरळ उठलं होतं. मला फार आवडला तो फोटो. घरात कोणालाच आवडला नाही.

पप्पांना तर हे सगळंच खटकायचं. पप्पा काचीगुड्याला एका प्रेसमध्ये ऑफसेट मशीन चालवतात. मालकाचं काम संपलं की रात्री उरलेल्या शाईत आपलं काम करायचे, म्हणजे पत्रकं. वसतिगृहातल्या जेवणाबद्दल, सफाई कामगारांच्या हातमोज्यांबद्दल, जयंतीबद्दल. मी त्या पत्रकांवर वाढले. हे अलंकारिक बोलणं नाही. आमच्या शाळेत मराठी नव्हतंच. माझ्या वयाची आमच्या ओळखीतली पोरं मराठी बोलतात, पण वाचायला दिलं की अक्षरांवरून खडकाळ रस्त्यासारखी चालतात. मी वाचायला शिकले ती पत्रकांवरून. पहिला शब्द 'कमळ' नव्हता, 'बंधुभगिनींनो' होता. त्यामुळे माझं मराठी अजूनही आवाहन केल्यासारखं येतं. आत्या म्हणायची, "ही दूध आणायला सांगते तरी मोर्चा निघतोय असं वाटतं."

पप्पांच्या प्रेसमधली एक पद्धत मला लहानपणापासून आवडते. मशीनवर नवीन काम लावलं की अक्षरं जागेवर बसेपर्यंत चांगला कागद वाया घालवत नाहीत. आधीच्या कामाचे खराब झालेले कागद पुन्हा घालतात. त्यावर आणखी एक काम छापलं जातं, पुढच्या वेळी त्यावर आणखी एक. ते कागद पप्पा घरी आणायचे आणि आम्ही वह्या-पुस्तकांना त्यांची कव्हरं घालायचो. माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर एका तेलुगू लग्नाची पत्रिका होती, तिच्यावर रक्तदानाचं आवाहन, आणि त्या दोन्हींवर आडवं, लाल अक्षरात, 'जाहीर निषेध'. वर्गात ते पुस्तक बाकावर ठेवायची लाज वाटायची. घरी मात्र मी तासन्‌तास त्यातून एकेक ओळ सोडवत बसायचे. फोटोवर फोटो काढायची खोड मला कुठून लागली हे पप्पांना कळायला हवं होतं. पण ते म्हणायचे, "ती रद्दी होती. पत्रक नव्हतं."

एकदा जेवताना त्यांनी सरळच सांगितलं. "धूसर फोटो काढायची चैन त्यांनी करावी ज्यांच्या घरी आल्बम आहेत. आपल्या आजोबांचा एक फोटो नाही. पणजोबांचं तर नावही कागदावर नाही. आपल्या माणसांचे चेहरे आत्ता कुठं दिसायला लागलेत, आणि तू ते पुसतेस."

मी दर गोष्टीला उत्तर देते, तेव्हा मात्र  भात कालवत राहिले.

आजीचा मात्र एक फोटो होता. तोच आत्याच्या डोक्यात बसला होता.

आजी गेली तेव्हा भिंतीवर लावायला फोटो हवा होता. घरात होता तो रेशनकार्डावरचा, नखाएवढा. तो स्टुडिओत दिला. त्या काळी स्टुडिओवाले असे चेहरे कापून तयार अंगावर बसवून द्यायचे. पुरुषांसाठी कोट-टायचं अंग, बायकांसाठी शालूचं. आजी परत आली ती गुलाबी गोरी होऊन, गळ्यात मोहनमाळ, अंगावर जरीचा शालू, आणि खांदे कोणा दुसऱ्याच बाईचे. आजीचा खांदा एका बाजूला उतरलेला होता, आयुष्यभर त्या बाजूने ओझं वाहिल्यामुळे. फोटोतले खांदे सरळ, एका रेषेत. आत्या सांगते, लोक फोटोला फुलं वाहत होते आणि तिला सारखं वाटत होतं, आपण कोणाच्या तरी घरी चुकून आलो आहोत.

तिच्या स्वतःच्या लग्नाच्या वेळी हेच झालं होतं. फोटोत तिला इतकं गोरं केलं की ते पाहून आलेलं स्थळ दारातूनच परत गेलं. पुढे ज्यांच्याशी लग्न झालं त्यांनी फोटो मागितलाच नव्हता. आत्या एवढंच सांगते. पण तेवढं सांगताना तिचा आवाज मऊ होतो.

म्हणून त्या एप्रिलच्या सुरुवातीला ती खाली आली, खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "समता, माझा फोटो काढ. भिंतीवरचा."

आईच्या हातातला चिमटा थांबला. "ताई, काहीतरी काय बोलता."

"काहीतरी नाही. एक दिवस लावणारच ना तुम्ही. मग राहुल मोबाईलमधला कुठला तरी काढणार, ते स्टुडिओवाले मला पिठाच्या डब्यात बुडवणार, आणि मी तिथं वरून काही म्हणू शकणार नाही. माझा फोटो मी बघून, पसंत करून घेणार. माझ्या रंगाचा."

माझ्या रंगाचा. ते दोन शब्द ऐकून मला वाटलं, हिच्यावर एक पत्रक काढावं. मी लगेच फ्रिजमधले रोल आणून तिच्यापुढे ठेवले. तिने एक उचलला, चष्मा कपाळावर ढकलला आणि डबीवरची बारीक अक्षरं वाचली. तिचा चेहरा बदलला.

"याची मुदत संपलेली आहे."

"म्हणून तर परवडतात, आत्या."

"सगळी नोकरी मी बाटली उलटी करून तारीख वाचण्यात घालवली. मुदत संपलेलं मी पेशंटला देत नाही, आणि तू मला देतेस."

मी समजावलं, की फिल्मची मुदत संपली तरी ती मरत नाही, फक्त मंद होते. तिला जास्त ऊन लागतं, रंग थोडे इकडचे तिकडे होतात. आत्या ऐकत होती, पण नर्स म्हणून ऐकत होती. मग उठून तिने फ्रिज उघडला आणि माझे रोल लावायला घेतले. दवाखान्यात लसी लावतात तसे. ज्याची तारीख आधी, तो पुढे. ज्याची नंतर, तो मागे. "पुढचा आधी वापरायचा. मधूनच उचलायचा नाही. आणि बाहेर ठेवायचा नाही, या उन्हात तर अजिबात नाही." त्या दिवसापासून तो कप्पा तिच्या ताब्यात गेला. ड्यूटीवरून आली की आधी खाली, फ्रिज उघडून बघणार, मग वर.

मी पहिला फोटो खिडकीशी काढला. मऊ उजेड, पांढरी साडी, सगळं मला छान वाटलं होतं. रोल धुऊन आला तेव्हा त्यात आत्या नव्हतीच. साडी होती, चष्म्याच्या काड्या होत्या, मध्ये काळा डाग. रहमतभाई म्हणाले, उजेड कम पड़ा. मला ते पटलं नाही. म्हणजे, पटलं, कम पडलाच होता. पण त्याच खिडकीशी काढलेली शेजारची गोरी मांजर मिशांसकट आली होती. ज्यांनी हे स्वस्त कॅमेरे बनवले, उजेड आत यायला एकच भोक आणि एकच वेग ठरवून टाकला, त्यांच्या डोळ्यांपुढे कोणाचा चेहरा होता? माझ्या आत्याचा नक्कीच नव्हता. आणि माझा नवा फोन, तो तर न विचारताच चेहरा उजळून देतो. एकात ती दिसत नाही, दुसऱ्यात दिसते ती ती नसते. या दोन्हींच्या मध्ये एका बाईचा रंग पकडायचा होता.

त्याच सुमारास पेन्शनच्या कागदांसाठी आत्याला पासपोर्ट फोटो हवे होते. आम्ही कोठीला गेलो. बाहेर ताडगोळेवाला बसला होता, आत्याने येताना घ्यायचे म्हणून आधीच डोळ्याने निवडून ठेवले. आत रहमतभाईंनी फोटो काढला, कॉम्प्युटरवर घेतला, आणि त्यांचा हात आपोआप चालू लागला. पडद्यावरची आत्या थराथराने उजळत गेली.

आत्या पडद्याकडे वाकली. "ये कौन हैं?"

"आप ही हैं अम्मा. थोड़ा साफ़ कर दिया."

"मैं गंदी थी?"

रहमतभाईंचा हात थांबला. "अरे नहीं अम्मा. सब लोगाँ करो बोलते. नहीं किया तो मेरे पे गुस्सा होते."

मी बोलायला तोंड उघडलं. समाज, सौंदर्य, जाहिराती, सगळं ओठांवर आलं होतं. आत्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. "तू भाषण नक्को देऊ. त्यांना काम करू दे." मग त्यांच्याकडे वळून शांतपणे म्हणाली, "मेरा काला वापस डालो."

त्यांनी एकेक पायरी मागे जात तिचा रंग परत आणला. शेवटी म्हणाले, "हौ, अब बराबर. ऐसीच तो अंदर आए थे आप."

येताना ताडगोळे घेतले. त्यांची साल काढताना अंगठ्यावर पाणी उडतं. आत्या फुटपाथवरच उभी राहून खात होती, आणि खुशीत होती.

दुसऱ्यांदा फोटोला बसायला ती चटकन तयार झाली नाही. रात्रपाळी, निरोपाचे कार्यक्रम, भांडी वाटून टाकणं, रोज काहीतरी. शेवटी एका सकाळी मला हाक मारून गच्चीवर घेऊन गेली. गच्चीच्या टाकीची भिंत घरमालकाने नुकतीच चुन्याने रंगवली होती. सकाळीच ऊन असं पडलं होतं की डोळे बारीक करावे लागत होते. आत्याने गडद निळी साडी नेसली होती. मनगटावर घड्याळ, बाकी काही नाही. खुर्ची तिने स्वतःच भिंतीपुढे ठेवली, जराशी तिरकी.

"हसू नको ना?"

"तुला हवं तसं."

"मग हसत नाही. लोक फोटो बघून रडत असतील आणि मी हसतेय, बरं दिसत नाही." ती नीट बसली. "श्वास धरू का, एक्स-रेसारखा?"

"धर."

"धरला."

"आत्या, बोलू नकोस मग."

अर्ध्या चेहऱ्यावर ऊन होतं, अर्धा सावलीत. मी एकेक फोटो काढत गेले. कॅमेऱ्याचा आवाज काडी मोडल्यासारखा. मधूनच ती सांगायची, "खांदा येऊ दे. माझा खांदा पण पडायला लागलाय, आईसारखा. तो येऊ दे." रोल संपला तेव्हा तिने पदराने मान पुसली आणि बजावलं, "दोनदा बसले. आता तिसऱ्यांदा नाही. आलं तर आलं."

इथं रोलबद्दल एक सांगायला हवं. फोटो काढून झाले की फिल्म परत डबीत गुंडाळतात. साधारण लोक पूर्ण गुंडाळतात. मी पट्टीचं टोक बाहेर ठेवायचे, कारण मला तेच रोल पुन्हा वापरायची सवय. त्यामुळे माझा वापरलेला रोल आणि कोरा रोल सारखेच दिसतात, दोघांचीही जीभ बाहेर. वापरलेले मी स्टीलच्या डब्यात ठेवायचे. आत्याचा रोल मात्र लगेच कोठीला न्यायचा म्हणून टेबलावर ठेवला. दुपारी आत्या ड्यूटीला जाताना खाली डोकावली. तिला उन्हात पडलेला रोल दिसला. तिने तो उचलला, डबीवरची तारीख वाचली, आणि तारीख सगळ्यात जुनी म्हणून फ्रिजमध्ये सगळ्यात पुढे उभा केला. आणि मी संध्याकाळी टेबल रिकामं पाहून समजले की पप्पा प्रेसला जाताना कोठीला देऊन गेले. त्यांना मी सांगून ठेवलं होतं.

जयंतीच्या सकाळी मी फ्रिज उघडला आणि नियमाप्रमाणे पुढचा रोल घेतला.

त्या दिवसाचं ऊन अजून माझ्या मानेवर आहे. निळे झेंडे इतके की रस्त्यावर सावली निळी पडली होती. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, लेकरांच्या कपाळाला बांधलेल्या पट्ट्या, सरबताच्या पिंपापाशी रेटारेटी. तेलुगू घोषणा, मराठी घोषणा, मध्येच एक म्हातारा उर्दूत बोलणारा. हलगी वाजली की छातीच्या आत वाजते. पप्पा नेहमीप्रमाणे कडेने चालत पत्रकं वाटत होते, समोरच्याच्या डोळ्यांत बघून, हातात नाही तर तळहातावर ठेवत. मी सगळ्यांचे फोटो काढले. मला वाटत होतं, यंदाची मिरवणूक मी अशी टिपतेय की पप्पांनाही मान्य करावं लागेल.

तो रोलही मी कोठीला देऊन आले, आणि पुरेसे रोल जमून एप्रिल संपत आला तेव्हा दोन्ही आणायला गेले. रहमतभाईंनी धुतलेली पट्टी उजेडाच्या पेटीवर ठेवली आणि मान तिरकी केली.

"दो-दो फोटू एक में आ गए बेटा. ये तुम्हारा स्टाइल है या गलती?"

मी वाकून पाहिलं. खुर्ची होती. खांदा होता. आणि त्या सगळ्याच्या आत झेंडे होते. मला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तेव्हा मी तिथल्याच स्टुलावर बसले. हजार रोल बिघडले असते तर मी त्यांच्यावर निबंध लिहिला असता. हा नको होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्याकडे स्वच्छ फोटो मागितला होता.

चूक कोणाची यावर आत्याचं आणि माझं अजून एकमत नाही. ती म्हणते, वापरलेल्या सुईला कोणी टेबलावर ठेवतं का. मी म्हणते, दुसऱ्याच्या टेबलावरची सुई कोणी कपाटात ठेवतं का. पप्पा म्हणतात, मला मध्ये घेऊ नका.

ती पट्टी मी घरी आणून तिच्यापुढे ठेवली तेव्हा मात्र ती उठली. खिडकीशी गेली, पट्टी दोन बोटांत धरून उजेडासमोर उंच केली, फुफ्फुसांचा एक्स-रे बघतात तशी. निगेटिव्हमध्ये काळं ते पांढरं दिसतं. तिने एका चौकटीवर बोट ठेवलं.

"इथं बरी गोरी आहे मी. त्या पहिल्या स्थळाला हे पाठवायला पाहिजे होतं."

आणि ती हसली. मला रडू येत होतं आणि ती हसत होती.

प्रिंट आल्या त्या दिवशी आम्ही सगळे जमिनीवर बसलो. कूलरच्या वाळ्याचा ओला वास, मध्ये सतरंजी, तिच्यावर फोटो. बरेचसे नुसता गोंधळ होते. चाकांवर हात, हातांवर खुर्ची. पण एक होता. उन्हातल्या अर्ध्या चेहऱ्यावर आत्या होती, तिच्या नाकासकट, तिच्या रंगासकट, मुदत संपलेल्या फिल्मने त्याला थोडी तांब्याची झाक दिली होती इतकंच. आणि सावलीतल्या अर्ध्या चेहऱ्यात, केसांत, निळ्या साडीत, मिरवणूक होती. पदरात बायका चालत होत्या. कानामागे झेंडे. मागच्या चुन्याच्या भिंतीवर मात्र काहीच नव्हतं, नुसता पांढरा कागद.

हे असं का होतं ते मला माहीत होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा समजलं. फिल्मवर जिथं पांढरं भरून गेलेलं असतं तिथं दुसरं काही उमटत नाही. सगळी जागा संपलेली असते. जिथं काळं असतं तिथं फिल्म अजून कोरी असते, ती घेऊ शकते. आत्याला ज्यांनी ज्यांनी उजळून दिलं, त्या सगळ्यांनी तिच्यातली जागा भरून टाकली होती. त्या फोटोत तिचा काळा रंग एवढ्या माणसांना सामावून बसला होता, आणि तरी तो तिचाच होता. यावर मी नंतर एक पत्रक लिहायला घेतलं. पप्पांनी वाचलं आणि म्हणाले, लांब झालंय.

पण तेव्हा, सतरंजीवर, त्यांनी फोटो हातात घेतला. कडा धरून बघत होते. मला वाटलं आता आल्बमचं निघणार. मग त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला.

"अक्का, मी तुझ्या गालात काय करतोय?"

खरंच होते. गालाच्या सावलीत, अंगठ्याएवढे, हात पुढे केलेला.

"लहानपणापासून करतोयस तेच," आत्या म्हणाली. "कागद वाटतोयस."

तिने फोटो परत घेतला आणि वेगळा ठेवला. "हाच. मोठा करून आण."

आता मीच बोलायला लागले. म्हटलं, आत्या, तुला स्वच्छ हवा होता. तू ओळखू आली पाहिजेस. आपल्या घरात फोटो नाहीत, आणि जो एक होतोय तो असा. बोलता बोलता लक्षात आलं की मी पप्पांची वाक्यं बोलतेय, आणि पप्पा मान खाली घालून हसतायत.

"रंग माझा आहे?" आत्याने विचारलं.

"आहे."

"नाक? खांदा?"

"आहे."

"मग बाकीचं मी बघते."

रहमतभाईंनी तो मोठा करून दिला, हात न लावता. मे महिन्यात आत्या गेली. टेम्पोत कपाट, शिलाई मशीन, पाण्याचा रांजण, आणि पुढे ड्रायव्हरशेजारी आत्या, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला फोटो घेऊन. वरच्या पोर्शनमध्ये आता एक तेलुगू जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत. त्यांची पावलं हलकी आहेत, आणि मला अजून त्याची सवय झालेली नाही.

मी समजून चालले होते की तो फोटो तिच्या कपाटात असेल, साड्यांच्या खाली, त्या एका दिवसाची वाट बघत. या एप्रिलमध्ये राहुलदादाच्या बायकोचा, वहिनीचा फोन आला. आवाज दबलेला.

"समता, तुम्हीच समजवा आईंना. त्यांनी तो फोटो भिंतीवर लावलाय. हॉलमध्ये. स्वतः खिळा ठोकला. जिवंत माणसाचा फोटो असा कोणी लावतं का? येणारे जाणारे दचकतात. परवा एक बाई तर हात जोडून उभी राहिली."

मी म्हटलं, आत्याला फोन द्या.

आत्या फोनवर नेहमी जरा मोठ्याने बोलते, वॉर्डच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं तसं. "हौ, लावला. मी मेल्यावर लावणार, मग मला काय दिसणार? आणि अशुभ म्हणतेत म्हणे. ते सगळं सोडून आपल्याला किती पिढ्या झाल्या, पुन्हा माझ्यापासून सुरू करायचं का?"

"अगं पण लोक विचारत असतील ना."

"विचारतात. शेजारच्या बाई आल्या होत्या काल. म्हणाल्या, फोटो कोणाचा? म्हटलं, माझा. म्हणाल्या, ओळखू येत नाही, चेहऱ्यात गर्दीच फार आहे."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. खुर्ची ओढली आणि फोटोच्या खालीच बसले, तोंड उजेडाकडे करून. म्हटलं, आता बघा. सावकाश बघा. मला इतक्यात कुठं जायचं नाही."